कुणाचं नाव लावता?

तुम्ही लिहिलंय की केट शोपॅन यांची १८९९ सालची ‘द अवेकनिंग’ आणि रिचर्ड येट्स यांची १९६१ सालची ‘रेव्होल्युशनरी रोड’ अशा दोन कादंबऱ्या लागोपाठ वाचल्या. दोन्हींत संसार आतून पोखरलेला, दोन्हींत शेवटी बायकोचा मृत्यू. त्यावरून तुम्ही विचारता, अमेरिकन कादंबरीत लग्न मोडण्यासाठीच असतं का? स्वतःची ओळख हवी असेल तर घर सोडावंच लागतं, असं या लेखकांना म्हणायचंय का? आणि आता पुढे काय वाचावं?

मी ३१ वर्षं महाविद्यालयात अमेरिकन साहित्य शिकवलं, आणि वर्ग बदलले तरी हा प्रश्न काही बदलला नाही. माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. तुमच्या वाचनात आलेल्या दोन्ही कादंबऱ्या अशा माणसांच्या आहेत ज्यांना घर, लग्न, आडनाव सगळं आयतं मिळालं आणि मग ते अंगावर आलं. त्याच देशात लाखो माणसं अशीही होती ज्यांचं लग्न कायदा मानतच नव्हता, ज्यांची पोरं बाजारात विकली जात होती. त्यांच्या गोष्टींत घरातून सुटायची धडपड नसते. तिथे घर मिळवायचं असतं. ही दुसऱ्या तऱ्हेची कादंबरी वाचल्याशिवाय पहिल्या तऱ्हेचाही अर्थ पुरता लागत नाही.

आपल्या भाषेत ‘ओळख’ हा शब्द मोठा छान आहे. दोन माणसांची ओळख होते, आणि माणसाला स्वतःची ओळखही असते. म्हणजे मी कोण, हे मला दुसऱ्या कुणीतरी ओळखल्यावरच ठरतं, असं आपली भाषाच धरून चालते. त्या ओळखीची मूठ म्हणजे नाव. नावाला आपण किती क्रियापदं लावतो पाहा: नाव ठेवतो, नाव घेतो, नाव लावतो, नाव सांगतो, नाव बदलतो. ‘नावं ठेवणं’ म्हणजे तर थेट दोष काढणं. अमेरिकन कादंबरी वाचताना मी विद्यार्थ्यांना एकच काम द्यायचे: कोण कुणाला कोणत्या नावानं हाक मारतं, ते वहीच्या मागच्या पानावर लिहीत जा. कथानक विसरलात तरी चालेल. त्या यादीतून कुटुंब, लग्न आणि ओळख तिन्ही आपोआप उलगडत जातात.

उदाहरणार्थ, १८५० सालची नथॅनिएल हॉथॉर्न यांची ‘द स्कार्लेट लेटर’. सतराव्या शतकातलं बोस्टन. हेस्टर प्रिनला नवरा गावात नसताना मूल होतं. गाव तिला चौथऱ्यावर उभं करून विचारतं, बापाचं नाव सांग. ती सांगत नाही. त्याच गर्दीत तिचा नवरा येऊन पोचलेला असतो. तो दुसरंच नाव घेऊन गावात राहतो आणि आपली खरी ओळख फोडायची नाही असं तिच्याकडून वचन घेतो. म्हणजे या बाईच्या पोटात दोन पुरुषांची नावं आहेत आणि दोन्ही तिनं जपायची आहेत. गावानं मात्र तिला व्यभिचाराची खूण म्हणून एक अक्षर देऊन टाकलं, छातीवर मिरवायला. ‘गाव नावं ठेवतं’ म्हणजे काय, हे यापेक्षा स्पष्ट मी कुठे वाचलेलं नाही.

थोडं कायद्याबद्दल सांगते, कारण त्याच्याशिवाय या कादंबऱ्या नुसत्या भावनांच्या वाटतात. इंग्लंडकडून अमेरिकेनं जो कायदा उचलला त्यात लग्न झालं की बायकोचं कायदेशीर अस्तित्व नवऱ्याच्या अस्तित्वात विरघळायचं. तिची मालमत्ता, तिची कमाई, तिचे करार, सगळं त्याचं. १८३९मध्ये मिसिसिपीनं आणि १८४८मध्ये न्यूयॉर्कनं यात बदल सुरू केले, पण ते तुकड्यातुकड्यानं. लूसी स्टोन या कार्यकर्तीनं १८५५मध्ये लग्न केलं आणि स्वतःचंच नाव ठेवलं. पुढे १८७९मध्ये मॅसॅच्युसेट्सनं बायकांना शाळा समितीच्या निवडणुकीत मत दिलं, तेव्हा नवऱ्याचं आडनाव लावत नाही म्हणून तिचं नाव यादीतून काढलं गेलं. १९०७च्या कायद्यानं तर परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचं नागरिकत्वच जायचं. १९२२मध्ये हे बरंचसं सुधारलं, तरी नवरा आशियाई असेल तर तिची सुटका १९३१पर्यंत नव्हती. तेव्हा एखादी नायिका ‘मी कोण’ असं विचारते तो नुसता मनाचा खेळ समजू नका. सरकारी कागदावर ती खरोखरच कुणी नव्हती.

या उजेडात ‘द अवेकनिंग’ची नायिका, तुमची एडना, पुन्हा बघा. शोपॅनच्या लुइझियानात फ्रेंच वळणाचा कायदा होता. नवरा राहील तिथे बायकोनं राहायचं, हे त्यात लिहिलेलंच होतं. एडना नवऱ्याचं मोठं घर सोडून कोपऱ्यावरच्या लहानशा घरात जाते, ते केवळ लहरीपणानं नव्हे. मुलांसाठी मी जीव देईन पण स्वतःला देणार नाही, या अर्थाचं ती मैत्रिणीला सांगते आणि मैत्रिणीला ते कळत नाही. जीव दिल्यावर आणखी द्यायचं काय उरतं, असं त्या बिचारीला वाटतं. वर्गात याच वाक्यावर सगळ्यात जास्त भांडणं व्हायची. आपल्याकडे ‘मुलांसाठी झिजली’ ही बाईची सगळ्यात मोठी स्तुती. झिजण्यात आणि स्वतःला देऊन टाकण्यात काही फरक आहे का, यावर मुली तासभर बोलत आणि मुलगे गप्प बसत.

आता त्या दुसऱ्या तऱ्हेच्या कादंबरीकडे येते. टोनी मॉरिसन यांची ‘बिलव्हेड’ १९८७ची, तिला पुढच्याच वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळालं. मुळाशी एक खरी घटना आहे. १८५६मध्ये मार्गारेट गार्नर ही गुलाम बाई गोठलेली ओहायो नदी ओलांडून केंटकीहून पळाली, आणि पकडायला माणसं आली तेव्हा लेकरू परत गुलामीत जाऊ नये म्हणून तिनं आपल्या मुलीला मारलं. कादंबरीची चर्चा नेहमी या भीषण गोष्टीभोवती फिरते. मी मात्र विद्यार्थ्यांना आधी दोन लहान जागा दाखवायचे.

पहिली जागा लग्नाच्या कपड्याची. कादंबरीची नायिका सेथी गुलाम आहे. ती आपल्यासारख्याच गुलाम असलेल्या हॅलेला पसंत करते आणि मालकिणीला विचारते, लग्न लावाल ना? मालकीण हसते. वाईट बाई नाही ती, प्रेमानंच हसते, आणि म्हणूनच ते जास्त लागतं. गुलामांचं कसलं आलंय लग्न! मग सेथी घरातली उशांची अभ्री, टेबलावरचा रुमाल, मच्छरदाणीचा तुकडा असं काय काय गुपचूप गोळा करून कपडा शिवते. एक दिवस तरी नेहमीपेक्षा वेगळा दिसावा एवढंच तिला हवं असतं. ज्या लग्नाला भटजी नाही, साक्षीदार नाहीत, कागद नाही, त्या लग्नासाठी चोरून शिवलेला तो कपडा. एडना ज्या गोष्टीतून बाहेर पडू बघते, तिच्यात जागा मिळावी म्हणून सेथी चिंध्या जमवते. एकाच देशातल्या या दोन बायका. कादंबऱ्याही एकाच शतकातलं घडलेलं सांगतात.

दुसरी जागा हॅलेच्या आईची, बेबी सग्जची. आठ मुलं झाली, तीही सहा पुरुषांपासून, आणि जवळ राहिला तो फक्त हॅले. त्यानं पाच वर्षं रविवार रविवार मजुरी करून आईला विकत घेतलं आणि मोकळं केलं. मालक स्वतः तिला गाडीतून ओहायोला पोचवायला निघतो. वाटेत ती विचारते, तुम्ही मला जेनी का म्हणता? तो चकित होतो. विक्रीच्या कागदावर जेनी व्हिटलो असं लिहिलंय म्हणून. तुझं नाव ते नाही का? ती सांगते, माझं नाव सग्ज, माझ्या नवऱ्याचं. आणि तो मला बेबी म्हणायचा. मालक भल्या मनानं सल्ला देतो की मोकळ्या झालेल्या बाईला ‘बेबी सग्ज’ शोभत नाही, जेनीच राहू दे.

ती ऐकत नाही. का, ते नीट वाचा. नवऱ्याशी तिचा करार झाला होता: ज्याला पळायची संधी मिळेल त्यानं पळायचं, मागे वळून बघायचं नाही. त्याला संधी मिळाली. तो सुटला असेल असं तिला वाटतं. आता तो कधी शोधायला आला, तर विक्रीच्या कागदावरच्या नावानं त्याला ती कशी सापडणार?

हे शिकवताना दरवेळी माझा आवाज अडायचा. नवऱ्याचं नाव लावणं म्हणजे गुलामी, असं आपण स्त्रीवादाच्या पहिल्या धड्यात शिकतो, आणि लूसी स्टोनच्या बाबतीत ते खरंच आहे. पण बेबी सग्जसाठी तेच नाव मालकाच्या कागदाविरुद्धचा एकमेव पुरावा आहे की मीही कुणाची तरी होते, आणि ते मी स्वतः ठरवलं होतं. ही मॉरिसन यांची केवळ कल्पना नव्हे. यादवी युद्धानंतर गुलामीतून सुटलेली जोडपी लग्नाची नोंद करायला रांगा लावून उभी राहिली. हरवलेल्या आईबापांच्या, भावंडांच्या, नवराबायकोच्या शोधासाठी वर्तमानपत्रांत जाहिराती पुढे कित्येक दशकं येत राहिल्या. त्या जाहिरातींत माणूस आपल्या जुन्या मालकांची नावं क्रमानं देतो, कारण आईला आपला माग लागायचा तर दुसरी खूणच नाही.

झोरा नील हर्स्टन यांच्या १९३७च्या ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’मध्ये गुलामी पाहिलेली आजी याच भीतीपोटी नातीचं, जॅनीचं, लग्न ६० एकरवाल्या माणसाशी लावून देते. जॅनीचं लहानपणीचं टोपणनाव ‘अल्फाबेट’, म्हणजे मुळाक्षरं. ज्याला जे वाटलं त्या नावानं त्यानं हाक मारली म्हणून. पुढे ती महापौरांची बायको होते. नवरा तिला चारचौघांत बोलू देत नाही, केस फडक्यात बांधायला लावतो. तो गेल्यावर ती ती सगळी फडकी जाळते. तीन लग्नं झाली तरी जॅनीला लग्नाचा वीट आलेला नाही, हे तुमच्या प्रश्नाच्या संदर्भात महत्त्वाचं. ही कादंबरी काळ्या माणसांच्या बोलीत आहे. डोळ्यांनी वाचू नका, मोठ्यानं वाचा, जसे आपण वऱ्हाडी किंवा अहिराणी संवाद वाचतो. दहा पानांत कान बसतो.

आता आपल्या जवळची. झुंपा लाहिरी यांची ‘द नेमसेक’, २००३ची. नावातच नाव आहे. १९६८चं केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स. आशिमाला कळा सुरू होतात आणि तिला नवऱ्याला बोलवायचंय, पण ती त्याच्या नावानं हाक मारत नाही. बंगाली बायका मारत नाहीत. आडनाव तिनं घेतलंय, पण पहिलं नाव उच्चारायचं नाही. त्याऐवजी ती जे म्हणते त्याचा अर्थ लेखिका इंग्रजीत समजावून सांगतात: ऐकता का? अमेरिकन वाचकाला तिथे मानववंशशास्त्राचा तास भरल्यासारखं वाटत असेल. मराठी वाचकाला तिथे थेट आजीचा आवाज ऐकू येतो, ‘अहो, ऐकलंत का?’ आपल्याकडे तर नाव न घेण्याचा नियम आणि चारचौघांत उखाण्यात नाव घ्यायला लावण्याची हौस दोन्ही शेजारी शेजारी नांदले. जे रोज ओठांवर येऊ द्यायचं नाही, ते सणासुदीला चांदीच्या ताटात ठेवून सादर करायचं. हा नुसता दबाव होता की त्यात एक प्रकारची जवळीकही होती? लाहिरी त्याला दोन्ही राहू देतात, आणि म्हणून मला त्यांची कादंबरी प्रामाणिक वाटते.

मुलाच्या नावाची गोष्ट तुम्हाला ऐकून माहीत असेल. आशिमाच्या आजीनं कोलकात्याहून पाठवलेलं नावाचं पत्र वाटेत हरवतं. इस्पितळ नाव लिहिल्याशिवाय घरी सोडत नाही. बाप घाईत ‘गोगोल’ लिहितो, कारण रेल्वे अपघातात त्या रशियन लेखकाच्या पुस्तकाचं पान हातात होतं म्हणून तो मदत करणाऱ्यांना दिसला आणि वाचला. मुलगा अठराव्या वर्षी कोर्टात जाऊन निखिल होतो. बापानं नावामागची हकीकत सांगितलेली नसते, ती नाव बदलून झाल्यावर कळते. इथे कुणी घर सोडलं, कुणी तोडलं? कुणीच नाही. एका घरात दोन पिढ्या एकमेकांवर जीव लावून राहतात आणि तरी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगायची राहून जाते. माझ्या मते अमेरिकन कुटुंबकथांचा खरा विषय हा राहून जाण्याचा आहे. घटस्फोट त्यामानाने दुय्यम.

चँग-रे ली यांच्या १९९५च्या ‘नेटिव्ह स्पीकर’मधला एक प्रसंग मी कधीच विसरू शकले नाही. नायक हेन्री पार्क, कोरियन भाजीविक्रेत्याचा मुलगा. बायको लेलिया गोरी. त्याची आई लहानपणीच वारली, तेव्हा बापानं कोरियाहून एक बाई घरकामाला आणली. तिनं वर्षानुवर्षं स्वयंपाक केला, घर सांभाळलं. सगळे तिला ‘आजुम्मा’ म्हणतात, म्हणजे साधारण आपलं ‘मावशी’. लेलिया एकदा विचारते, तिचं नाव काय? हेन्रीला माहीत नसतं. लेलियाला धक्का बसतो, आणि हेन्रीला कळत नाही की यात धक्का बसण्यासारखं काय आहे, आमच्यात माणसाला नात्यानं हाक मारतात. ली कुणा एकाची बाजू घेत नाहीत. नात्याची हाक आपुलकीची असते हे खरं, आणि त्या हाकेआड एक माणूस आयुष्यभर बिननावाचं राहतं हेही खरं. हा भाग वाचून झाल्यावर मी वर्गात विचारायचे, तुमच्या घरी काम करणाऱ्या मावशींचं नाव काय? मग दुसरा प्रश्न, तुमच्या आजीचं माहेरचं नाव काय? आडनाव नव्हे, पहिलं नाव. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिण्याआधीचं. एका विद्यार्थिनीच्या घरी कुणालाच सांगता आलं नाही. आजी वारलेली. शेवटी आजीच्या धाकट्या भावाला गावी फोन करून विचारावं लागलं. ती दुसऱ्या दिवशी ते नाव घेऊन वर्गात आली आणि फळ्यावर लिहून जागेवर जाऊन बसली.

एक गैरसमज मात्र तुमच्या प्रश्नात डोकावतो, तो खोडून काढायलाच हवा: अमेरिकन कुटुंब सैल, आपलं घट्ट. ईडिथ व्हॉर्टन यांची १९२०ची ‘द एज ऑफ इनोसन्स’ वाचा. १८७०च्या दशकातलं श्रीमंत न्यूयॉर्क. न्यूलँड आर्चरचं मे नावाच्या मुलीशी लग्न ठरलेलं आहे आणि त्याचा जीव तिच्या मामेबहिणीवर, एलनवर जडतो. एलनला नवऱ्यापासून घटस्फोट हवाय. सगळं घराणं न्यूलँडलाच पुढे करतं, तू वकील आहेस, तिला समजाव. कुणी आवाज चढवत नाही. शेवटी एलनला निरोपाचं जेवण देतात, सुंदर ताटवाट्या, सगळे हसतमुख, आणि न्यूलँडला जेवता जेवता उमगतं की या सगळ्यांनी मिळून, न बोलता, तिला आपल्यातून बाहेर काढलंय. आपल्याकडच्या कुठल्याही वाड्यात बसवा हा प्रसंग, एक शब्द बदलावा लागणार नाही. त्याच रात्री मे त्याला दिवस गेल्याचं सांगते, आणि एलनला तिनं ही बातमी स्वतःला पक्की खात्री होण्याआधीच सांगितलेली असते. ज्या बाईला सगळे भोळी समजतात ती काय करू शकते! व्हॉर्टन यांनी स्वतः १९१३मध्ये घटस्फोट घेतला होता. तरी त्यांनी या मे नावाच्या बायकोला खलनायिका केलं नाही, याचा मला फार आदर वाटतो. या कादंबरीसाठी १९२१मध्ये त्यांना पुलित्झर मिळालं. कादंबरीसाठी ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

शेवटचं प्रकरण २६ वर्षांनंतरचं. मे वारलेली. मुलगा बापाला सांगतो, आई जायच्या आदल्या दिवशी म्हणाली होती की तिनं मागितलं तेव्हा तुम्ही तुम्हाला सगळ्यात हवी असलेली गोष्ट सोडून दिलीत. न्यूलँड थोडा वेळ गप्प राहून म्हणतो, तिनं कधी मागितलंच नाही. आयुष्यभर ज्याला आपण गुपित समजत होतो ते शेजारी झोपणाऱ्या माणसाला माहीत होतं, आणि कुणीतरी त्याच्या मनातलं ओळखलं होतं. लग्न टिकलं, घर टिकलं, आणि दोघं एकमेकांना पुरते ओळखूनही त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

वाचनाचा क्रम सांगायचा तर आधी ‘द नेमसेक’, कारण तिथे तुम्ही निम्म्या घरी असाल. मग व्हॉर्टन. त्यानंतर हर्स्टन, आणि मग ‘बिलव्हेड’. तिची पहिली ५० पानं काही कळणार नाहीत, काळ मागेपुढे होत राहील, माणसं ओळख न करून देता बोलू लागतील. थांबू नका. ली यांची कादंबरी केव्हाही वाचा. ‘द स्कार्लेट लेटर’ची लांबलचक प्रस्तावना सरळ वगळा, चौथऱ्यावरच्या प्रसंगापासून सुरू करा, प्रस्तावना नंतर वाचता येईल.

पण त्याआधी, ‘द अवेकनिंग’ अजून तुमच्याकडे असेल तर परत उघडा. सुरुवातीला निवेदक तिला मिसेस पाँटेलिए म्हणतो, पान मागून पान. मग हळूहळू तिला एडना म्हणू लागतो. पेन्सिल घ्या आणि हे कुठून कुठून बदलत जातं तिथे खुणा करा.